तुकडा तोच, रंग वेगळा : तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीत आधी मोजणी एकसारखी हवी



मी नेहमी भाषेचे पाठ, निबंध आणि वर्गातले उपक्रम यांवर लिहिते. आजचा विषय जरा वेगळा आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या तुकड्यात शरीराच्या संरक्षक पेशी शोधायच्या असतील, तर त्या तुकड्याला कोणता रंग द्यावा, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, मॅडम, हे डॉक्टरांचं काम, डी.एड. झालेल्या बाईला यातलं काय कळणार? अगदी बरोबर. दोन वर्षांपूर्वी मलाही यातलं काही कळत नव्हतं. पण एक कागद माझ्या टेबलावर आला आणि मग मला शिकावंच लागलं.

जालना-मेहकर रस्त्यावरचं आमचं दुसरबीड. मधल्या सुट्टीत पाचवीतल्या एका मुलीची आई वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला रिपोर्ट होता. म्हणाली, "मॅडम, ह्याच्यात काय लिहेल हाये ते सांगा बरं. डॉक्टर बोलले, पण माह्या काही ध्यानात नाही राहिलं." मुलीचे वडील पंधरा वर्षांपासून तंबाखू-चुना मळायचे, वर पुडीही खायचे. गालाच्या आतली जखम दोन महिने भरली नव्हती. तोंडही पूर्ण उघडत नव्हतं. म्हणून तुकडा काढून तपासायला पाठवला होता.

रिपोर्ट इंग्रजीत. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर, एवढं मला समजलं. खाली लिहिलं होतं की गाठीभोवती लिम्फोसाइट पेशी दाट आहेत, काही इओसिनोफिल पेशीही दिसतात. आणि शेवटी एक ओळ : संरक्षक पेशींची अधिक माहिती हवी असल्यास अँटीबॉडीची खास तपासणी करता येईल. त्या बाईचं बोट नेमकं त्याच ओळीवर होतं, कारण तिच्या खर्चाचा आकडा कोणीतरी तिला सांगितला होता. "ही दुसरी तपासणी नाही केली तर बिघडंल का मॅडम? सोयाबीन अजून घरातच पडेल हाये."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला म्हटलं, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना हाच प्रश्न सरळ विचारा. तिने विचारला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा निर्णय या तपासणीवर अडलेला नाही, आधी ऑपरेशन उरकू. तिचं ओझं उतरलं. माझ्या डोक्यात मात्र प्रश्न बसला. एकाच तुकड्याला दोन-चार तऱ्हेचे रंग देतात, त्यातला एक स्वस्त आणि एक महाग, मग खरं कोण सांगतो? माझी एक मैत्रीण लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिला विचारत गेले, वाचत गेले. त्यातून माझं जे मत बनलं ते आज मांडते.

रंग द्यायचाच कशाला?

आपण मुलांना बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचे थेंब टाकून दाखवतो. फोड निळी-काळी होते. स्टार्च आधीपासून तिथेच होता, फक्त दिसत नव्हता. हाच प्रयोग काकडीवर केला तर तसा रंग येत नाही. म्हणजे आयोडीनचा थेंब एक ठराविक प्रश्न विचारतो : स्टार्च आहे का? प्रथिनं आहेत का, हे त्याला विचारून उपयोग नाही.

कॅन्सरच्या तुकड्याचंही तसंच आहे. शरीरातून काढलेला तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, म्हणजे तो सडत नाही. मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात. या मेणाच्या वडीला ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले चार-पाच भाग, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी पातळ. हा काप काचेवर घेतला की जवळजवळ रंगहीन असतो. मायक्रोस्कोपखाली नुसता धरला तर फिकट पडद्यापलीकडे फारसं काही दिसत नाही. म्हणून रंग लागतो. आणि आयोडीनसारखाच इथला प्रत्येक रंग आपापला प्रश्न विचारतो.

रोजचा रंग

जगभरातल्या लॅबमध्ये पहिला मान हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिन या जोडीचा. लॅबमधले लोक तिला 'एच अँड ई' म्हणतात. हिमॅटॉक्सिलीन हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या गाभ्यातून मिळतं. कापड रंगवणारे रंग पक्का बसावा म्हणून तुरटी वापरतात ना, तशीच इथेही तुरटीच्या जातीची क्षारं वापरतात. त्यामुळे पेशीचं केंद्रक निळं-जांभळं होतं. इओसिन बाकीचा भाग गुलाबी करतं.

या जोडीत कॅन्सर ओळखता येतो, तो किती खोल शिरला आहे ते दिसतं आणि संरक्षक पेशींचा जमावही दिसतो. गोल, गडद केंद्रक आणि भोवती अगदी थोडी जागा असेल तर ती लिम्फोसाइट. दोन पाळ्यांचं केंद्रक आणि लालसर कणिका असतील तर इओसिनोफिल. सरावलेला पॅथॉलॉजिस्ट हे बघता बघता ओळखतो.

मर्यादाही आहेत. इओसिनमध्ये स्नायू गुलाबी, केराटिन गुलाबी, लाल रक्तपेशीही गुलाबी. एवढ्या गुलाबी गर्दीत कणिका सांडून बसलेली इओसिनोफिल सहज निसटते. मास्ट नावाची पेशी तर यात धड उठूनच दिसत नाही. आणि लिम्फोसाइट दिसली तरी ती कोणत्या जातीची, कॅन्सरच्या पेशीवर थेट हल्ला करणारी की दुसरं काम करणारी, हे या रंगात कळत नाही. सगळ्या पोरांचा गणवेश एकच असला की लांबून कोण सहावीचं आणि कोण सातवीचं ते सांगता येत नाही, तसं.

एकेका पेशीचा खास रंग

मास्ट पेशीसाठी टोल्युइडिन ब्लू वापरतात. नाव ब्लू, आणि बाकीचा काप निळाच होतो. पण मास्ट पेशीच्या कणिकांत हेपारिनसारखे पदार्थ असतात. त्यांच्यावर बसला की हाच रंग जांभळा-लाल दिसतो. आपल्या घरात हळदीच्या डागावर साबण लागला की डाग लाल होतो, ते आठवा. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, पण एकच रंग समोर कोण आहे ते पाहून रूप बदलतो, ही गोष्ट मुलांना हळदीवरून चटकन समजते.

इथे एक घोळ टाळायला हवा. हाच टोल्युइडिन ब्लू काही दवाखान्यांत रुग्णाच्या तोंडात लावतात किंवा त्याने चूळ भरायला देतात. जिथे रंग गडद धरतो तिथला तुकडा घ्यायचा, असा त्याचा हेतू असतो. ते काम वेगळं आणि काचेवरच्या कापात मास्ट पेशी मोजण्याचं काम वेगळं.

मास्ट पेशी पहिल्यांदा दाखवली ती पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने. १८७८ मध्ये लाइपझिगला त्याने आपला प्रबंध लिहिला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. कापडाच्या कारखान्यांसाठी तेव्हा नवे नवे रंग निघत होते. तेच रंग त्याने शरीराच्या कापांवर घालून पाहिले. पुढच्याच वर्षी इओसिन आवडीने शोषणाऱ्या पेशींना त्याने इओसिनोफिल हे नाव दिलं. १९०८ चं नोबेल पारितोषिक त्याला मेचनिकॉफसोबत मिळालं.

इओसिनोफिलसाठी काँगो रेड आणि कार्बोल क्रोमोट्रोप असे रंग वापरतात. काँगो रेडची गंमत आपल्या कापूसवाल्या भागाने लक्षात ठेवावी अशी आहे. १८८४ च्या सुमारास तो बाजारात आला तो सुती कापड रंगवायला. तुरटी न लावता तो सुतावर सरळ बसायचा. आज त्याच रंगाने इओसिनोफिलच्या कणिका नारिंगी-लाल दिसतात. कार्बोल क्रोमोट्रोपमध्ये कणिका ठळक लाल आणि बाकीचा भाग फिका राहतो, त्यामुळे मोजणाऱ्याच्या डोळ्याला त्रास कमी. या रंगांना फार मोठं यंत्र लागत नाही. हात मात्र सरावाचा लागतो. रंग किती मिनिटं ठेवायचा आणि किती धुवायचा, इथे चूक झाली तर सगळंच लाल.

अँटीबॉडीचा रंग

महाग तपासणी ती हीच. तिला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. प्रत्येक जातीच्या पेशीवर काही खास प्रथिनं असतात. त्या प्रथिनालाच जाऊन चिकटेल अशी अँटीबॉडी कापावर घालतात. मग तिच्यामागून एक रासायनिक क्रिया घडवून त्या जागी तपकिरी रंग उमटवतात. सीडी ३ म्हणजे टी पेशी, सीडी ८ म्हणजे त्यातल्या हल्ला करणाऱ्या, सीडी २० म्हणजे बी पेशी, सीडी ६८ म्हणजे मुख्यतः मॅक्रोफेज. गणवेश एकच असला तरी आता छातीवरचा बिल्ला वाचता येतो.

अस्तरातल्या लँगरहान्स पेशींची गोष्टही बोलकी आहे. १८६८ मध्ये पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने सोन्याच्या क्षाराने कातडीचा काप रंगवला आणि फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या. त्याला वाटलं या मज्जापेशी आहेत. त्या संरक्षणाचं काम करतात हे पुढे शंभर वर्षांनी कळलं. आज त्या सीडी १ए या अँटीबॉडीने ओळखतात. रंगाने पेशी दाखवली, तिचा अर्थ लावायला मात्र पिढ्या गेल्या.

अँटीबॉडीला चमकता रंग जोडण्याची युक्ती १९४१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच जातीची अँटीबॉडी हवी तेवढी तयार करण्याची पद्धत शोधली, तिला १९८४ मध्ये नोबेल मिळालं. त्यानंतर ही तपासणी सगळीकडे पसरली.

पण तिचंही नखरेल काम आहे. अँटीबॉडी थंडीत ठेवावी लागते. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा फार काळ राहिला तर प्रथिनं झाकली जातात, मग काप गरम करून ती पुन्हा उघडावी लागतात. प्रत्येक वेळी ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा एक काप सोबत रंगवून बघावा लागतो, नाहीतर रंग आला नाही तो पेशी नाही म्हणून की अँटीबॉडी खराब झाली म्हणून, हे सांगता येत नाही.

मग चांगली पद्धत कोणती?

आता माझं मत. कोणता रंग सर्वांत चांगला, हा प्रश्नच अर्धा आहे. तो रंग कोणत्या पेशीसाठी आणि ती पेशी मोजायची कशी, हे ठरल्याशिवाय महागातली महाग तपासणीही आपल्याला फार काही सांगत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घेते. एकदा केंद्राच्या बैठकीत आम्ही चौघींनी एकाच मुलाचा निबंध वेगवेगळा तपासला. दहापैकी कोणी आठ दिले, कोणी पाच. पोरगं तेच, वही तीच. एकीने शुद्धलेखन पाहिलं, एकीने विचार पाहिला, एकीने अक्षर पाहिलं. मग त्या गुणांवरून दोन शाळांची तुलना केली तर तिला काय अर्थ?

संरक्षक पेशींच्या बाबतीत नेमकं हेच होतं. गाठीभोवती लिम्फोसाइट जास्त असतील तर साधारणपणे रुग्णाच्या दृष्टीने ते बरं लक्षण मानलं जातं. पण इओसिनोफिल आणि मास्ट पेशींबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. काहींना इओसिनोफिल जास्त म्हणजे चांगलं असं दिसलं, काहींना उलट. मास्ट पेशी नव्या रक्तवाहिन्या वाढवून गाठीला मदत करतात असं काही म्हणतात, काहींना तसा संबंध दिसत नाही. यात शरीराची गुंतागुंत आहेच. पण एका ठिकाणी 'एच अँड ई'वर मोजलं, दुसऱ्या ठिकाणी काँगो रेडवर, एकाने सगळ्यात दाट जागा निवडली, दुसऱ्याने सरासरी काढली, तर आकडे जुळणार कसे?

अजून एक बारीक गोष्ट मैत्रिणीने दाखवली आणि मी थक्क झाले. रिपोर्टमध्ये बऱ्याचदा 'एका हाय पॉवर फील्डमध्ये इतक्या पेशी' असं लिहितात. म्हणजे मोठ्या भिंगातून एका वेळी जेवढं वर्तुळ दिसतं तेवढ्यात. पण हे वर्तुळ प्रत्येक मायक्रोस्कोपचं सारखं नसतं. चाळीस पटीच्या भिंगाखाली एका आयपीसने ०.४५ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं, तर रुंद आयपीसने ०.५५ मिलिमीटरचं. आपल्या सातवी-आठवीच्या पोरांना वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायला सांगा. दुसरं वर्तुळ पहिल्याच्या जवळपास दीडपट निघतं. म्हणजे एकाच कापात एका लॅबला दहा पेशी दिसतील आणि दुसऱ्या लॅबला पंधरा, आणि दोघांपैकी कोणीच चुकलेलं नसेल. म्हणून दर चौरस मिलिमीटरला किती, असं लिहिणं जास्त प्रामाणिक.

यावर उपाय निघतो, हेही दिसलं आहे. स्तनाच्या कॅन्सरमधल्या लिम्फोसाइट मोजण्यासाठी २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने शिफारशी ठरवल्या. त्यांनी कोणता रंग धरला? तोच रोजचा, 'एच अँड ई'. गाठीच्या पेशींमधल्या जागेचा किती टक्के भाग या पेशींनी व्यापला आहे ते पाहायचं, फक्त दाट जागा निवडून मोजायचं नाही, सरासरी घ्यायची, असे साधे नियम. रंग जुनाच ठेवला, माप मात्र सर्वांसाठी एक केलं. मला यातला धडा मोठा वाटतो.

महाग तपासणीची बाजूही मांडायला हवी, नाहीतर मी एकांगी ठरेन. लिम्फोसाइट सीडी ८ ची आहे की नाही हे जाणून घ्यायचं असेल तर अँटीबॉडीला पर्याय नाही. डोकं आणि मानेच्या भागातला कॅन्सर उलटला किंवा पसरला, आणि इम्युनोथेरपीचं औषध द्यायचा विचार असेल, तर पीडी-एल१ ही अँटीबॉडीचीच तपासणी उपचार ठरवायला लागते. तिथे खर्च सार्थकी लागतो. माझा आक्षेप तपासणीवर नाही. कशासाठी करायची हे न सांगता रिपोर्टच्या शेवटी एक ओळ टाकायची आणि सोयाबीन घरात पडलेल्या बाईला रात्रभर जागं ठेवायचं, यावर माझा आक्षेप आहे.

आपल्या भागासाठी काय हवं?

तोंडाचा कॅन्सर आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याच वर्षी तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. भारतात कॅन्सर आणि लोकांच्या सवयी यांचा संबंध मायक्रोस्कोपखाली शोधणाऱ्या पहिल्या मंडळींत त्यांचं नाव घेतात. १९४५ मध्ये त्यांनी या विषयावर निबंधही प्रसिद्ध केला. आज सीडी ८ सारख्या अँटीबॉडी आपल्याला सहज वाटतात, पण त्या तेव्हा नव्हत्या. साध्या रंगात नीट पाहणं आणि रुग्णाला नीट प्रश्न विचारणं, यावर त्या पिढीने केवढं काम उभं केलं.

आजही भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचाच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू, म्हणजे चघळायची, मळायची, दाताला लावायची तंबाखू वापरत होते. चारातला एक. इतक्या लोकांच्या तपासणीचा भार मोठ्या शहरातल्या मोजक्या लॅबवर टाकून चालणार नाही. म्हणून मला तीन गोष्टी मांडाव्याशा वाटतात.

पहिली, जिल्ह्याच्या पातळीवरच्या लॅबमध्ये 'एच अँड ई' उत्तम व्हावा आणि गरजेप्रमाणे टोल्युइडिन ब्लू, काँगो रेड असे साधे खास रंग करता यावेत. दहा ठिकाणी नीट केलेला साधा रंग हा एका ठिकाणी केलेल्या महाग रंगापेक्षा जास्त लोकांच्या कामी येईल.

दुसरी, रिपोर्टमध्ये रंगाचं नाव, मोजलेली जागा आणि मोजण्याचं माप लिहावं. पद्धतींची तुलना करायची असेल तर एकाच ब्लॉकमधले लागोपाठचे काप घ्यावेत, दोन जणांनी एकमेकांचा आकडा न पाहता मोजावं. आपण पेपर तपासताना मुलाचं नाव झाकतो तो हाच विचार.

तिसरी, तुकडा घेण्यापासूनच काळजी घ्यावी. आपल्याकडे अनेकदा नातेवाईकच ती बाटली पिशवीत घेऊन एसटीने लॅबला जातात. बाटलीत पुरेसं फॉर्मॅलिन हवं, तुकड्याच्या किमान दहापट. साध्या पाण्यात किंवा कोरडा तुकडा नेला तर पुढे कितीही भारी रंग द्या, ओल्या कागदावरच्या शाईसारखं सगळं फुटतं. आणि रिपोर्टसोबत ब्लॉक आणि काचा यांची चौकशी करून ठेवावी. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं किंवा पुढे अँटीबॉडीची तपासणी लागली, तर तोच ब्लॉक कामाला येतो, पुन्हा तुकडा काढायची गरज बहुतेक पडत नाही.

आपण शिक्षकांनी काय करायचं?

मित्रांनो, आपल्या शाळेच्या कपाटात मायक्रोस्कोप असतो. बऱ्याच ठिकाणी तो खोक्यातच असतो. तो बाहेर काढा. कांद्याचा पापुद्रा आधी बिनरंगाचा दाखवा, मग आयोडीनचा थेंब टाकून दाखवा. "आधी काय दिसलं, नंतर काय दिसलं?" एवढं एक वाक्य मुलांना वहीत लिहू द्या. मग विचारा, "जे दिसलं नाही ते नव्हतंच, असं म्हणता येईल का?" आमच्या वर्गात यावर अर्धा तास भांडण झालं. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, दुसरा रंग टाकून बघा ना मग!" मला त्या दिवशी पगार झाल्यासारखं वाटलं.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी आमच्या मैदानाच्या कुंपणाशी पुड्यांचे कागद सापडतातच. तंबाखूमुक्त शाळेचा फलक आपण लावतो. फलकाच्या जोडीला एवढं करू या की प्रत्येक मुलाला घरी जाऊन सांगता यावं : तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडायला लागलं, तर वाट बघायची नाही, दाखवायचं.

आणि कोणी पालक रिपोर्ट घेऊन दाराशी आला तर 'मला यातलं कळत नाही' म्हणून परत पाठवू नका. आपण डॉक्टर नाही, उपचार सांगायचे नाहीत. पण डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मराठीत लिहून देता येतात. ही तपासणी कशासाठी? तिच्या निकालाने उपचार बदलेल का? कोणता रंग दिला, कसं मोजलं? ब्लॉक कुठे ठेवला आहे? चार ओळींची ती चिठ्ठी. निबंध शिकवणाऱ्या बाईला एवढं तर जमतंच.

त्या मुलीच्या वडिलांचं ऑपरेशन झालं. बोलणं थोडं जड झालंय, जेवण मऊच लागतं, पण ते तपासणीला वेळेवर जातात. मध्ये मुलीला सोडायला शाळेत आले होते. वर्गाबाहेर उभं राहून मायक्रोस्कोपकडे बोट दाखवलं. मी कांद्याचा पापुद्रा लावून दिला. बराच वेळ एक डोळा मिटून पाहत राहिले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "माहा तुकडा बी असाच पाहिला असंल का हो कोणी?"

हो, म्हटलं, असाच पाहिला असेल.

पाहणाऱ्याचा रंग नीट असू दे आणि माप खरं असू दे, एवढीच अपेक्षा. तुमच्या शाळेत असा काही अनुभव आला असेल तर जरूर कळवा.